कोपनहेगनचा सामू

१९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगदाम रुग्णालयात पोलिओचे रोगी येण्याचा वेग दिवसाला पन्नासापर्यंत गेला होता. साथीच्या रोगांसाठी शहराचा सगळा भार याच रुग्णालयावर. यावेळची साथ नेहमीपेक्षा वाईट होती. बऱ्याच रोग्यांचे, विशेषतः मुलांचे, गिळण्याचे आणि श्वास घेण्याचे स्नायू लुळे पडत होते. अशांना श्वास देण्यासाठी रुग्णालयाकडे एक आयर्न लंग आणि छातीवर कवचासारखी बसणारी सहा यंत्रं होती. पहिल्या तीन आठवड्यांत ३१ जणांना या यंत्रांवर ठेवलं गेलं. त्यातले २७ तीन दिवसांच्या आत दगावले.

शेवट साधारण एकाच तऱ्हेनं व्हायचा. अंग घामानं भिजायचं, रक्तदाब चढायचा, गुंगी यायची, मग बेशुद्धी. विषाणू मेंदूपर्यंत पोचला, असं डॉक्टर समजून चालत. प्रयोगशाळेकडून येणारा एक आकडा मात्र या कथेत बसत नव्हता. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड भलताच वाढलेला असायचा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे याचा अर्थ होता की रक्त अल्कधर्मी झालं आहे. का झालं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रुग्णालयाचे प्रमुख हेन्री लासेन आणि त्यांचे सहकारी त्याकडे एक कोडं म्हणूनच पाहत होते.

या डॉक्टरांना आज नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचं वाचन अडाणीपणाचं नव्हतं. रक्तातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड वायू म्हणून नसतो, तो बायकार्बोनेटच्या रूपात असतो, आणि बायकार्बोनेट हा आम्ल शोषून घेणारा क्षार. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९१७ साली हा एकूण साठा मोजायचं काचेचं उपकरण दिलं. तेव्हापासून जगभर मधुमेहाच्या रोग्यात आकडा घसरला की आम्ल वाढलं आणि सतत उलट्या होणाऱ्या रोग्यात तो चढला की आम्ल गेलं, असं धरलं जात होतं. या रोग्यांच्या बाबतीत ते खरंही ठरायचं. सवय तिथूनच लागली.

नवलाची गोष्ट ही की, आकड्याचं हे चुकीचं वाचन कोपनहेगनमध्ये व्हावं. रक्त आम्लधर्मी की अल्कधर्मी हे मोजायची पट्टी त्याच शहरात बनली होती, आणि या गफलतीतून सुटायचं सूत्रही तिथेच लिहून ठेवलेलं होतं.

कार्ल्सबर्ग हे नाव आपल्याकडे वाचलं जातं ते बिअरच्या बाटलीवर. त्या दारूभट्टीचे मालक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ साली शहराच्या वाल्बी भागात कारखान्याला लागून एक प्रयोगशाळा काढली. तिथे लागलेला कोणताही शोध, मग तो धंद्याच्या कितीही फायद्याचा असो, दडवून ठेवायचा नाही, अशी अट त्यांनीच घातली होती. शुद्ध यीस्ट वेगळं काढून वाढवण्याची पद्धत तिथूनच बाहेर पडली आणि प्रतिस्पर्ध्यांनाही मिळाली. रसायन विभाग योहान केल्डाल यांच्याकडे होता. धान्यातल्या आणि दुधातल्या प्रथिनांचा अंदाज घेण्यासाठी नायट्रोजन मोजण्याची त्यांची रीत अजून वापरात आहे. १९०० साली केल्डाल वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जागी एस. पी. एल. सोरेन्सन आले.

सोरेन्सन यांच्यापुढची अडचण विकरांची होती. मोड आलेल्या जवातल्या पिठुळाची साखर करणारी विकरं एका ठरावीक आंबटपणात जोमानं काम करतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे ढेपाळतात. पण आंबटपणा मोजायचा कसा? तोवरची पद्धत अशी की द्रावणात अल्क थेंबथेंब टाकत जायचं आणि किती लागलं ते पाहायचं. यातून एकूण आम्ल किती ते कळतं. या क्षणाला त्यातलं किती आम्ल मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या रूपात आहे, हे मात्र कळत नाही. एक लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा दशांश मोल घेतला, तर जवळजवळ सगळ्या रेणूंचा हायड्रोजन सुटून आयन बनतो. तेवढाच दशांश मोल व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाचा घेतला, तर शंभरात जेमतेम एखादा रेणू सुटतो. अल्क मात्र दोघांनाही सारखंच लागतं. विकराला घेणंदेणं असतं ते सुटलेल्या आयनांशी.

हे आयन सोरेन्सन यांनी हायड्रोजन इलेक्ट्रोडनं मोजले. प्लॅटिनमच्या पत्र्यावर प्लॅटिनमचाच काळा भुसभुशीत थर चढवायचा, पत्रा द्रावणात बुडवून त्यावरून हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडायचे आणि तयार होणारा विद्युतदाब वाचायचा. उत्तरं यायची ती दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग घेऊन. १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या दीडशेहून अधिक पानांच्या प्रबंधात त्यांनी ही रांग टाळायची युक्ती सुचवली. दहाच्या ऋण घातांकातला तेवढा घातांकच लिहायचा. लिटरमागे दहाचा उणे सातवा घात इतके मोल आयन असतील तर ७. हाच पीएच, आपला सामू. मातीपरीक्षणाचा कागद हातात धरलेल्या शेतकऱ्याला या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. मोजपट्टी घातांकाची असल्यानं एक अंक खाली गेला की आयन दहापट होतात, एवढं तेवढं लक्षात ठेवायला हवं.

माझ्या मते त्या प्रबंधातली मोठी देणगी मोजपट्टी नव्हेच. ती आहे त्यातले मिश्रणांचे तक्ते. सामू मोजणं एक आणि तो धरून ठेवणं दुसरं. शुद्ध पाण्याचा सामू ७, पण ते नुसतं उघडं ठेवलं तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो साडेपाचाच्या आसपास उतरतो. काचेतून पाझरणारा अल्कही गडबड करतो. अशा लहरी पाण्यात विकराचा अभ्यास काय होणार? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फर्नबाख आणि ह्यूबर यांनी १९०० साली दाखवलं होतं की माल्टच्या अर्कातली फॉस्फेटं बाहेरून आलेल्या आम्लाचा धक्का झेलतात आणि विकराला सांभाळतात. सोरेन्सन यांनी हा धागा पकडून ग्लायसिन, फॉस्फेट, सायट्रेट आणि बोरेट यांची मिश्रणं पद्धतशीर मोजून काढली. अमुक इतकं हे, तमुक इतकं ते, की सामू इतका. त्यांच्या पत्नी मार्गरेट होयरुप या कामात त्यांच्या सोबत होत्या. आता ज्याच्याकडे इलेक्ट्रोड नाही अशा प्रयोगशाळेलाही तक्त्याप्रमाणे द्रावणं करून, रंग बदलणारे दर्शक त्यांत टाकून, आपल्या नमुन्याचा रंग त्यांच्याशी ताडून पाहता येऊ लागला.

ही मिश्रणं, म्हणजे बफर द्रावणं, धक्का झेलतात कशी, ते आकड्यांत पाहिलेलं बरं. लिटरभर शुद्ध पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा शतांश मोल टाकला, तर सामू ७ वरून थेट २ वर कोसळतो. म्हणजे आयन लाखपट झाले. आता लिटरभर पाण्यात फॉस्फेटची दोन रूपं दशांश-दशांश मोल घालू. एक रूप हायड्रोजन देऊ शकणारं, म्हणजे सौम्य आम्ल. दुसरं तोच हायड्रोजन स्वीकारू शकणारं. सामू ७.२ च्या आसपास येतो. यात तेवढंच हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की सुटलेला जवळजवळ प्रत्येक हायड्रोजन स्वीकारणाऱ्याला चिकटतो. स्वीकारणारे दशांशाचे ०.०९ उरतात, देणारे ०.११ होतात. सामू येतो ७.११. आम्ल कुठे नाहीसं झालं नाही, ते मोकळं फिरण्याऐवजी बांधलं गेलं. आणि सामू ठरतो तो या दोघांच्या गुणोत्तरावर. ०.०९ भागिले ०.११ हे गुणोत्तर एकाहून फारसं ढळलेलं नाही, म्हणून सामूही ढळला नाही.

गुणोत्तराची ही गोष्ट कोपनहेगनमध्ये नव्हे, तर अमेरिकेत हार्वर्डला लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली, म्हणजे सोरेन्सन यांच्या प्रबंधाच्या एक वर्ष आधी, समीकरणात मांडली होती. हेंडरसन रक्ताचा विचार करत होते. शरीर अहोरात्र आम्ल तयार करतं, तरी रक्त जरासं अल्कधर्मीच राहतं. त्यांच्या समीकरणानं एक गोष्ट उघड झाली, की देणारे आणि स्वीकारणारे निम्मे-निम्मे असतील तेव्हा बफर सर्वांत जोरदार. या कसोटीवर रक्तातली मुख्य जोडी, म्हणजे कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट, नापास व्हायला हवी. ही जोडी निम्मी-निम्मी होते ती ६.१ या सामूला. रक्त असतं ७.४ वर. तिथे एका विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमागे वीस बायकार्बोनेट असतात.

तरी ती काम करते, आणि झकास करते, कारण तिचा आम्लाचा भाग वायू आहे. नेहमीच्या रक्तात लिटरमागे २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. इतर बफर बाजूला ठेवून त्यात १० मिलिमोल आम्ल आलं असं धरू. बायकार्बोनेट १४ उरतं. बंद बाटलीत तयार झालेला वायू तिथेच राहील, १.२ चा ११.२ होईल आणि सामू ६.२ वर जाईल. तेवढ्यानं माणूस जगत नाही. पण छाती भात्यासारखी चालत असेल तर जादा वायू उच्छ्वासातून निघून जातो, विरघळलेल्या वायूचा आकडा १.२ वरच राहतो आणि सामू ७.१७ वर थांबतो. बाटलीतला बफर आणि माणसातला बफर यांत हा फरक. माणसातल्या बफरची एक बाजू फुप्फुसं सांभाळतात.

हेंडरसन यांचं समीकरण सोरेन्सन यांच्या घातांकाच्या भाषेत आणलं ते पुन्हा कोपनहेगनच्याच कार्ल हॅसलबाल्क यांनी, १९१६ साली. सामू म्हणजे ६.१ अधिक बायकार्बोनेट भागिले विरघळलेला कार्बन डायऑक्साइड याचा लॉगॅरिदम. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते हेंडरसन-हॅसलबाल्क या जोडनावानं पाठ असतं. हॅसलबाल्क स्वतः पुढे रक्त सोडून शेतीकडे आणि जमिनीच्या आम्लतेकडे वळले. सूत्र मात्र पुस्तकात गेलं आणि तिथेच बसून राहिलं. दवाखान्यात कोण त्या भानगडीत पडणार? सामू मोजणं किचकट, वायूचा दाब मोजणं त्याहून किचकट. व्हॅन स्लाइकचा एकूण आकडा हाताशी होता, त्यावर भागत होतं.

१९५२ ला भागेनासं झालं. लासेन यांच्या हाताखालचे डॉक्टर मोगेन्स बियोर्नेबो यांनी सुचवलं की बियोर्न इब्सेन यांना बोलवावं. इब्सेन भूलतज्ज्ञ. वर्षभर बोस्टनला शिकून आलेले. भूल देणाऱ्यानं शस्त्रक्रियेच्या टेबलापलीकडे लुडबुड करायची नाही असा तो जमाना, त्यामुळे साथीच्या रुग्णालयात त्यांचं येणं वेगळंच होतं. २५ ऑगस्टला बैठक झाली. इब्सेन यांनी नोंदी चाळल्या आणि दगावलेल्यांची फुप्फुसं शवविच्छेदनात पाहिली. हवाच भरता येऊ नये इतकी ती बिघडलेली नव्हती. घाम, चढता रक्तदाब, गुंगी ही लक्षणंही त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. शस्त्रक्रियेत भूल दिलेल्या माणसाचा श्वास अपुरा पडला की नेमकं हेच दिसतं. मेंदूपर्यंत गेलेला विषाणू वगैरे काही नाही. ही माणसं आपल्याच कार्बन डायऑक्साइडमध्ये बुडत होती.

मग तो चढलेला आकडा? इथे सूत्र कामी येतं. समजा, श्वास मंदावल्यानं विरघळलेला वायू १.२ वरून ३ झाला. या वायूचं काही कार्बोनिक आम्ल बनतं, आम्लातला हायड्रोजन सुटतो. हा हायड्रोजन रक्तातलं हिमोग्लोबिन उचलून घेतं आणि मागे बायकार्बोनेट उरतं. त्यामुळे बायकार्बोनेट २४ वरून ३० वर जातं. व्हॅन स्लाइकचं उपकरण दोन्हींची बेरीज सांगतं. पूर्वी २५.२ होती, आता ३३. वाढ दिसते, आणि वाढ म्हणजे अल्क, असं सवय सांगते. गुणोत्तर मात्र विसावरून दहावर आलंय. सामू ७.१. निरोगी रक्तापेक्षा हायड्रोजन आयन दुप्पट. डॉक्टर ज्याला अल्काचा पुरावा समजत होते, ते बायकार्बोनेट आम्ल तयार झाल्याची निशाणी होती. वहीतली एकूण उलाढाल बघून पेढी नफ्यात आहे असं ठरवावं, तसा हा प्रकार.

युक्तिवाद ऐकून कोणी लगेच मानलं नाही, त्यामुळे २७ ऑगस्टला प्रात्यक्षिक ठरलं. बारा वर्षांची एक मुलगी, हातपाय लुळे, ताप, स्वतःच्याच लाळेनं गुदमरून निळी पडत चाललेली. जागा बधिर करून तिच्या श्वासनलिकेला छेद दिला आणि त्यातून रबरी फुगा असलेली नळी आत सरकवली. पण श्वासनलिका आवळल्या गेल्या, मुलगी तडफडू लागली आणि हवा आत जाईना. जमलेल्यांतले काही जण आशा सोडून निघालेही. तेव्हा इब्सेन यांनी तिला पेंटोथाल हे भुलीचं औषध दिलं. तिची धडपड थांबली, अंग सैल पडलं आणि नळीला जोडलेली हातातली पिशवी दाबताच छाती वर उचलली गेली. रंग परतला, घाम वाळला, रक्तदाब उतरला. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं उपकरण इब्सेन यांनी जोडून ठेवलं होतं. त्यांनी मुलीला पुन्हा कवचाच्या यंत्रावर ठेवलं. आकडा चढला, घाम आला, रक्तदाब वाढला. पिशवी हाती घेतली, सगळं खाली आलं. मुलगी वाचली.

त्यानंतरचे महिने वैद्यकाच्या इतिहासात दुसरे नाहीत. पिशवी दाबायला यंत्रं नव्हती, म्हणून विद्यार्थी बोलावले. वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे जवळपास १५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांपाशी बसले आणि त्यांनी हातानं श्वास दिला. कधीकधी एकाच वेळी सत्तर रोगी अशा हातांवर जगत होते. सगळे मिळून १,६५,००० तास. पिशवी आणि रोगी यांच्यामध्ये सोडा-लाइमचा डबा असायचा, बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला. शुद्धीवर असलेली मुलं डोळ्यांनी खुणावत, जोरात दाब, हळू दाब. सुरुवातीला श्वास बंद पडलेल्यांपैकी नव्वदच्या घरात टक्के मरत होते. वर्ष संपेपर्यंत हे प्रमाण पंचविसाच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी शहराच्या म्युनिसिपल रुग्णालयात असा अखंड पहारा लागणाऱ्या रोग्यांसाठी कायमचा विभाग काढला. आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार तिथून धरतात.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न रोज पडे: किती जोरानं दाबायचं? कमी दाबलं तर रक्त आम्ल होणार, जास्त दाबलं तर खरोखरच अल्कधर्मी. नाडी आणि चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याला मर्यादा होत्या. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी कोपनहेगनच्याच रेडिओमीटर कंपनीचा काचेचा पीएच इलेक्ट्रोड आणून रक्ताचा सामू थेट मोजला, आणि इब्सेन यांचं म्हणणं आकड्यानं पक्कं झालं. वायूचा दाब थेट मोजायची सोय अजून नव्हती. तिथे आस्ट्रुप यांनी हॅसलबाल्क यांचं सूत्र उलटं फिरवलं. त्याच रक्ताचे दोन नमुने घ्यायचे, कार्बन डायऑक्साइडचा ठाऊक असलेला, पण वेगवेगळा दाब देऊन दोन्ही हलवायचे, दोन्हींचा सामू मोजायचा. दाबाचा लॉगॅरिदम आणि सामू यांचा आलेख सरळ रेषेत जातो. दोन बिंदूंतून रेषा काढली की रोग्याच्या मूळ रक्ताचा सामू त्या रेषेवर जिथे बसेल, तिथला दाब हे उत्तर. बफरचा गुणधर्मच मोजपट्टी म्हणून वापरायची ही कल्पना मला तरी सोरेन्सन यांच्या तक्त्यांइतकीच देखणी वाटते. काही वर्षांत अमेरिकेत रिचर्ड स्टो आणि जॉन सेव्हरिंगहाउस यांनी कार्बन डायऑक्साइडचाच इलेक्ट्रोड बनवला आणि ही आडवाट अनावश्यक झाली. आस्ट्रुप आणि सेव्हरिंगहाउस या दोघांनी म्हातारपणी मिळून या सगळ्या मोजमापांचा इतिहास लिहिला.

मोजणं सोपं झालं, पण आकडे वाचायचे कसे यावर भांडण उभं राहिलं. आस्ट्रुप आणि त्यांचे तरुण सहकारी ओले सिगार्ड-अँडरसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक आकडा आणला, बेस एक्सेस. वायूचा दाब नेहमीइतका, म्हणजे पाऱ्याचे ४० मिलिमीटर, ठेवून रक्त पुन्हा ७.४ वर आणायला किती आम्ल किंवा अल्क लागेल, ते हा आकडा सांगतो. श्वासाचा दोष वजा करून उरलेला दोष हाती येईल, अशी अपेक्षा होती. बोस्टनच्या विल्यम श्वार्त्झ आणि आर्नल्ड रेलमन यांनी १९६३ साली त्यावर हल्ला चढवला. त्यांचा मुद्दा असा की हा आकडा परीक्षानळीतल्या रक्ताचा आहे. जिवंत शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढून हिमोग्लोबिनमुळे जे बायकार्बोनेट तयार होतं, ते रक्तात थांबत नाही, पेशींभोवतीच्या पाण्यात पसरतं. त्यामुळे ज्याचा फक्त श्वास अपुरा आहे, अशा रोग्यात हा आकडा नसलेली अल्काची तूट दाखवतो. आक्षेप रास्त होता. डेन्मार्कवाल्यांनी तोड काढली ती अशी, की रक्त आणि ते भोवतालचं पाणी एकत्र धरायचं, म्हणजे हिमोग्लोबिन एक-तृतीयांशच आहे असं मानून हिशेब करायचा. बोस्टनवाले यानंही राजी झाले नाहीत. ते सामू, वायूचा दाब आणि बायकार्बोनेट या तिघांवरच निदान करत राहिले.

मुंबई-पुण्याच्या आयसीयूबाहेर बसलेल्यांच्या कानावर दिवसातून एकदा तरी 'एबीजी केलं' हे शब्द पडतात. धमनीतल्या रक्ताच्या या तपासणीत यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर वर सामू असतो, त्याखाली कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि बायकार्बोनेट, आणि पुष्कळ यंत्रांत बेस एक्सेस दोनदा छापलेला असतो. एक नुसत्या रक्ताचा आणि एक भोवतालचं पाणी धरून.